‘राहणे’ या क्रियापदात घर कधी आलं?

‘भाजी उरली’ आणि ‘भाजी राहिली’ यांतला फरक मराठी माणसाला कुणी शिकवत नाही. उरली म्हणजे सगळे जेवले आणि तरी पातेल्यात आहे. राहिली म्हणजे वाढायची विसरली, किंवा निवडायची होती ती तशीच पडून आहे, किंवा आणायची होती ती बाजारातच आहे. पैशांचंही तसंच. ‘शंभर रुपये उरले’ म्हणजे खर्च भागून हातात आहेत. ‘शंभर रुपये राहिले’ म्हणजे कुणाचे तरी द्यायचे किंवा कुणाकडून तरी यायचे आहेत. उरण्यात हिशेब पुरा झालेला असतो, राहण्यात तो अपुरा असतो. (‘शिल्लक राहिले’ म्हटलं की अर्थ पुन्हा उरण्याकडे झुकतो, पण ते काम ‘शिल्लक’ हा शब्द करतो.)

आणि हेच क्रियापद आपण पत्ता सांगायला वापरतो. मी सांगलीला राहतो. न झालेलं काम आणि माणसाचं घर एकाच शब्दात कसं मावलं? कोशात ‘राहणे’ उघडलं की ‘वास करणे’ हा अर्थ ठळकपणे दिसतो आणि बाकीचे अर्थ त्यातून फुटलेले असावेत असं वाटतं. माझ्या मते क्रम उलटा आहे. घर हा या शब्दाचा शेवटचा मुक्काम आहे.

संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘रह त्यागे’ असा धातू आहे. रह् म्हणजे सोडणे, टाकून देणे. या धातूची मराठीत आलेली पोरं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. ‘रहित’ म्हणजे एखाद्या गोष्टीने सोडलेला: दोषरहित, धूररहित. ‘विरह’ म्हणजे सोडून जाण्यामुळे आलेलं तुटलेपण. ‘रहस्’ म्हणजे एकान्त, माणसांनी सोडलेली जागा, आणि तिथे जे बोलायचं ते ‘रहस्य’. या सगळ्यांत सोडणं आहे, वस्ती कुठेच नाही. प्राकृतात मात्र ‘रहइ’ हे रूप ‘थांबतो, टिकतो, असतो’ या अर्थाने चालू झालेलं दिसतं, आणि तिथून हिंदी रहना, गुजराती रहेवुं, पंजाबी रहिणा, मराठी राहणे ही भावंडं निघाली.

सोडण्यापासून राहण्यापर्यंतची ही उडी पहिल्यांदा ऐकताना अशक्य वाटते. मला ती पटते, कारण मधली पायरी मराठीत आजही शाबूत आहे. बाकीचे निघून गेले, एकाला सोडून गेले. जो सोडला गेला तो राहिला. पाहण्याची बाजू बदलली की सोडणं आणि राहणं ही एकाच घटनेची दोन नावं होतात. जाणाऱ्याच्या बाजूने ‘सोडलं’, मागच्याच्या बाजूने ‘राहिलं’. ‘छत्री गाडीत राहिली’ हे वाक्य पाहा. छत्री काहीच करत नाही, सोडून आलेला माणूस वेगळाच आहे, आणि तरी कर्तेपण छत्रीकडे. ‘राहू दे’ याचंही तसंच. ‘आहे तिथे असू दे’ आणि ‘सोड, नको करू’ हे दोन्ही अर्थ त्या दोन शब्दांत एकदम असतात, आणि कोणता अभिप्रेत आहे हे पुष्कळदा बोलणाऱ्यालाही वेगळं काढता येत नाही.

म्हणजे अर्थाची चाल अशी: सोडला जाणे, मागे पडणे, जागचा न हलणे, त्याच अवस्थेत टिकणे, आणि मग त्याच जागी दिवसामागून दिवस असणे. या शेवटच्या टप्प्यावर घर येतं.

असाच प्रवास शेजारच्या द्राविड भाषांतही झालेला आहे, आणि तो इतका समांतर आहे की या व्युत्पत्तीवरचा माझा विश्वास त्यामुळेच पक्का झाला. तमिळमध्ये ‘विडु’ म्हणजे सोडणे. त्याच धातूचं नाम ‘वीडु’. त्याचा एक अर्थ सुटका, मोक्ष, आणि दुसरा, आज रोज वापरला जाणारा अर्थ, घर. कन्नडमध्ये ‘बिडु’ म्हणजे सोडणे, आणि प्रवासात असताना मुक्काम टाकणेही. त्यावरून ‘बीडु’ म्हणजे छावणी, वस्ती. ‘बिडार’ म्हणजे उतरण्याची तात्पुरती जागा. हा शेवटचा शब्द मराठीला परका नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात तो ‘बिढार’ या रूपात आहे, आणि आज आपण ‘बिऱ्हाड’ म्हणतो तो तोच. बैलाच्या पाठीवरचं ओझं सोडलं, जनावरं सोडली, की तिथे बिऱ्हाड झालं. म्हणूनच बिऱ्हाड पाठीवर असतं आणि बिऱ्हाड हलवता येतं. घर आपण बांधतो, बिऱ्हाड आपण करतो किंवा थाटतो. ‘बिऱ्हाड बांधलं’ असं म्हटलं तर कानाला सामान बांधल्यासारखं लागतं.

आता संस्कृतात वस्तीसाठीचा खरा धातू कोणता? ‘वस्’. त्यातून वास, निवास, प्रवास, सहवास, अधिवास, वसती, वास्तव्य, वास्तू अशी मोठी फौज मराठीत आली. एक सावधगिरी इथे हवी: संस्कृतात ‘वस्’ हे अक्षर तीन वेगळ्या धातूंचं आहे. एक राहण्याचा, एक पांघरण्याचा (त्यातून वस्त्र, वसन) आणि एक उजळण्याचा (त्यातून उषा). ‘घर हे माणसाचं वस्त्र, म्हणून वास आणि वसन एकच’ अशी गोड सांगड अधूनमधून वाचायला मिळते. ती खरी नाही.

राहण्याच्या ‘वस्’चा अगदी जुना अर्थ रात्र काढणे. तो मराठीने आश्चर्यकारकपणे जपला आहे. ‘वस्तीची गाडी’ म्हणजे रात्री गावात थांबून सकाळी परत निघणारी एसटी. तिथे लोकवस्तीचा काही संबंध नाही. ‘वस्तीला आलो’ म्हणजे रात्रीपुरता. महानुभाव परंपरेत चक्रधरस्वामींच्या जागांची जी वर्गवारी आहे तीही हेच सांगते: जिथे ते बसले ते आसनस्थान, जिथे एखादी रात्र काढली ते वसतीस्थान, जिथे जास्त काळ राहिले ते अवस्थान. वसती ही रात्रीची आणि अवस्थान हे लांबणारं, असा भेद तिथे काटेकोर पाळलेला आहे. याच प्राचीन धातूची युरोपातली शाखा इतकी झिजली की तिच्यात रात्रही उरली नाही आणि घरही नाही, नुसतं ‘असणं’ उरलं: इंग्रजीतले ‘वॉज’ आणि ‘वेअर’ हे ‘वस्’चे सख्खे चुलत भाऊ आहेत.

पश्चिम महाराष्ट्रात ‘वस्ती’चा आणखी एक अर्थ रुजला: गावठाणाबाहेर, शेतात असलेली चार-सहा घरं. ‘गावात राहता की वस्तीवर?’ हा तिथे अगदी नेमका प्रश्न आहे.

मग ‘वसणे’ हे क्रियापद का मागे पडलं? ते आहे, पण माणसांपासून दूर गेलं. गाव नदीकाठी वसलेलं असतं, देव मनात वसतो. ‘मी कोथरूडमध्ये वसतो’ असं कुणी म्हणत नाही. हिंदीत ‘बसना’ माणसांसाठीही चालतं, आणि इथे भाषांतर करणारे हमखास घसरतात. हिंदी ‘बसना’ हे ‘वस्’पासून आलं. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून: उपविशति, प्राकृत बइसइ, जुन्या मराठीत बैसणे, मग बसणे. दोन शब्द सारखे दिसतात ते योगायोगाने. हिंदीतलं ‘दिल में बसा है’ मराठीत ‘मनात बसलंय’ होऊन आलं की चालून जातं, कारण ‘मनात ठसलं’ असा अर्थ लागतो. पण ‘लोग यहाँ आकर बसे’ याचं ‘लोक इथे येऊन बसले’ केलं तर ते धरणं धरून बसल्यासारखे वाटतात. तिथे ‘येऊन वसले’ किंवा साधं ‘येऊन राहिले’ हवं.

‘नांदणे’ हे या घरातलं सगळ्यात भावनेने भरलेलं क्रियापद. ते ‘नन्द्’पासून आलं, म्हणजे आनंदात असणे. आनंदाने राहणे, मग नुसतं राहणे, आणि मग अर्थ आवळत आवळत ‘सुनेने सासरी राहणे’ इथे येऊन थांबला. ‘नांदायला गेली’, ‘नांदवत नाहीत’, ‘नांदायला येत नाही’. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ खालचा दावा, ज्याला कायद्याच्या मराठीत वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना असं जड नाव आहे, त्याला लोक सरळ ‘नांदायला यावं म्हणून दावा’ म्हणतात. मुळात आनंद सांगणारा शब्द कोर्टाच्या कागदावर सक्तीच्या अर्थाने उतरावा हे मला खटकतं, पण शब्दाचा प्रवास तसा झाला आहे. व्यापक अर्थ ‘शांतता नांदते’, ‘सुखाने नांदा’ अशा ठिकाणी टिकून आहे.

या साऱ्यांच्या मध्ये ‘राहणे’ जिंकलं, कारण ते कोरं आहे. त्यात रात्र नाही, आनंद नाही, सामान नाही. किती काळ, कशासाठी, कुणाच्या हक्काने, यातलं काहीच ते सांगत नाही. ‘आज राहा ना’ म्हटलं की एक रात्र, ‘आम्ही इथेच राहतो’ म्हटलं की पिढ्या. जे सांगायचं ते रूपावर सोपवलेलं असतं. ‘राहतो’ म्हणजे कायम. ‘राहतोय’ म्हणजे सध्या, बदलू शकतं. ‘राहायला आहे’ म्हणजे मूळचा इथला नाही, पण ठिकाण हेच. ‘राहायला गेले’ म्हणजे जुनी जागा सुटली. ‘राहून आलो’ म्हणजे काही दिवस काढून परतलो.

प्रश्नांतही असे थर आहेत. ‘कुठे राहता?’ हा पत्त्याचा प्रश्न. ‘सध्या कुठे असता?’ हा नोकरी-धंद्याचा, बदलीच्या ठिकाणाचा. ‘तुम्ही कुठले?’ हा गावाचा. एकाच माणसाची तीन उत्तरं तीन गावं असू शकतात. खरेदीखत, पंचनामा, तक्रार अशा कागदांवर हाच भेद दोन आखूड खुणांनी दाखवतात: ‘रा.’ म्हणजे राहणार, आणि ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. ‘रा.’पुढे कायमचं गाव येतं, ‘ह. मु.’पुढे सध्याची जागा. इथलं ‘राहणार’ भविष्यकाळाचं नाही. ‘पोहणारा’ म्हणजे जो पोहतो, तसं राहणार म्हणजे जो राहतो तो, राहणारा. पत्रावरच्या ‘मु. पो.’मधला ‘मु.’ही मुक्कामच, तो शब्द अरबी ‘मुक़ाम’, उभं राहण्याची जागा.

आणि उभं राहणं! मराठीत या क्रियेला एका शब्दाचं क्रियापद नाही. ऊर्ध्व, प्राकृत उब्भ, त्यावरून ‘उभा’, आणि त्याला जोडलेलं ‘राहणे’. म्हणजे आपण उभे असतो तेव्हा भाषेच्या लेखी सरळ अवस्थेत टिकून असतो. उभा राहा, गप्प राहा, जागा राहा, सावध राहा: या सगळ्यांत घराचा मागमूस नाही, अवस्था न सुटणं हाच अर्थ आहे. गर्भ राहतो, तोही याच अर्थाने, टिकतो म्हणून.

सहायक क्रियापद म्हणून हा अर्थ आणखी उघडा पडतो. ‘तो बोलत राहिला’ म्हणजे थांबला नाही, थांबायला हवं असतानाही. हिंदी ‘बोल रहा है’ हे निव्वळ चालू वर्तमान. त्याचं मराठी ‘बोलतो आहे’. ‘बोलत राहतो’ केलं तर त्यात हट्ट किंवा सवय शिरते. हिंदीवरून मराठी करताना बातम्यांत आणि जाहिरातींत हा घोटाळा फार दिसतो. विदर्भातली गोष्ट वेगळी. तिथे ‘काय करून राहिला?’, ‘येऊन राहिलो’ हाच चालू काळ आहे, नियमित आहे, आणि त्याला अशुद्ध म्हणणं चूक आहे. प्रमाण मराठीत ‘-ऊन राहणे’ फक्त स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना लागतं: टिकून राहणे, दबून राहणे, चिकटून राहणे. पुण्यातला माणूस ‘जेवून राहिला’ ऐकून जेवण झाल्यावर मुक्काम केला असं समजतो, नागपूरचा माणूस ताटावर बसलेला पाहतो.

‘राहून गेलं’ म्हणजे करायचं होतं, वेळ निघून गेली. ‘राहून राहून वाटतं’ म्हणजे विचार जातो आणि परत येतो. ‘राहवत नाही’मध्ये जागचं न हलणं अशक्य होतं. ‘राहता राहिला प्रश्न’ म्हणजे बाकी सगळे प्रश्न हातावेगळे झाले, एवढा मागे पडला. इथे शब्दाचा मूळ अर्थ अगदी काचेतून पाहावा तसा दिसतो.

आता लिहिण्याचं. रहाणे, राहाणे, राहणे अशी तिन्ही रूपं छापलेली दिसतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनी राहणे, पाहणे, वाहणे ही रूपं ठरवून दिली आहेत. रहाणे, पहाणे, वहाणे लिहू नये. आज्ञार्थात मात्र राहा, पाहा, वाहा यांच्या जोडीला रहा, पहा, वहा चालतात.

ही क्रियापदं एकत्र का आली, तर त्यांची घडण एकच. हिंदीत रहना, बहना, सहना. मराठीत राहणे, वाहणे, जुनं साहणे. जिथे हिंदीत ‘ह’च्या आधी ‘अ’ आहे तिथे मराठीत ‘आ’. त्यामुळे मराठी धातू ‘राह’ हा आहे, ‘रहा’ नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेलं सोपं आहे. ‘राह’ला प्रत्यय जोडत जायचं. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘ह’ला काना नाही: राहतो, राहणार, राहशील, राहवत. प्रत्ययातच ‘आ’ असेल तर तो ‘ह’वर बसतो: राह + आयला = राहायला, राह + आवे = राहावे, राह + आयचे = राहायचे. ‘रहायला’ आणि ‘राहातो’ या दोन सगळ्यात जास्त दिसणाऱ्या चुका या एका गणिताने सुटतात. चूक होते ती कानामुळे. भरभर बोलताना दोन स्वरांमधला ‘ह’ विरतो, ‘ऱ्हातो’, ‘ऱ्हायला’ असं ऐकू येतं, ‘आ’ नेमका ‘ह’च्या आधी की नंतर हे कळत नाही, आणि लिहिणारा हात कानाचं ऐकतो. संवादात तो उच्चारच दाखवायचा असेल तर ‘ऱ्हायचं’ असं मोकळेपणाने लिहावं. आडनाव ‘रहाणे’ आणि गाव ‘राहाता’ यांना हे नियम लावायचे नाहीत. विशेषनामं जशी चालत आली तशी.

वेलांटीचाही प्रश्न असतो. राहिला, राहिली, राहिलो यांत ‘हि’ ऱ्हस्व. राहील, राहीन यांत ‘ही’ दीर्घ. अशा क्रियारूपांत शब्द ‘अ’ने संपत असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, दीर्घ स्वराने संपत असेल तर ऱ्हस्व. ‘राहून’मधला ‘हू’ दीर्घ तो त्याच कारणाने. ‘तो येईपर्यंत मी थांबून राहिन’ असं लिहिलेलं दिसलं की ‘राहीन’ करावं.

दिसायला जवळचे पण नात्याने लांबचे दोन शब्द वेगळे काढायला हवेत. ‘रहदारी’ ही राहण्यातून आलेली नाही. फारसी ‘राह’ म्हणजे रस्ता, ‘राहदारी’ म्हणजे वाटेवरचा कर किंवा परवाना, आणि त्यातून वाहतूक. विहिरीवरचा ‘रहाट’ हा संस्कृत ‘अरघट्ट’चा, प्राकृत अरहट्टमधून आलेला.

‘रहिवासी’ मात्र घरचाच, आणि दुहेरी घरचा: पुढे राहण्याचा ‘रह’, मागे ‘वस्’चा वास. जिंकलेलं क्रियापद आणि हरलेलं क्रियापद एकाच शब्दात शेजारी राहतात. इथे ‘र’ला काना नाही, आणि शेवटी ‘सी’ आहे. सोसायट्यांच्या पाट्यांवर, अर्जांवर, बातम्यांत ‘रहिवाशी’ दिसतं त्याचं कारण सामान्यरूप. मासा–माशाला, ससा–सशाला, तसं रहिवासी–रहिवाशाला, रहिवाशांना. तिथला ‘श’ बरोबर आहे, पण तो विभक्तीपुरता. लोक ‘रहिवाशांना’ सतत वाचतात आणि त्यावरून मूळ शब्द ‘रहिवाशी’ असणार असं धरतात. ‘प्रवासी’चं ‘प्रवाशी’ होतं तेही असंच. म्हणून रहिवासी दाखला, रहिवासी संघ, एक रहिवासी, अनेक रहिवासी. आणि सूचना लिहिताना ‘सर्व रहिवाशांनी नोंद घ्यावी’.